सोडतीच्या आधीची भिंत

पासो गार्सा,
जुलैचा पहिला रविवार

प्रिय निबिया मावशी,

आईचा फोन आला होता. तुझ्या नातीला, मिकाएलाला, नगररचना शिकायची आहे आणि "त्यात पोरीचं पोट भरेल का, ते नोएलियाला विचार" असा तुझा निरोप आहे, असं ती म्हणाली. मला हसूच आलं. मी विद्यापीठात नाव घातलं तेव्हा हाच प्रश्न आपल्या अख्ख्या वस्तीत फिरत होता आणि तो न विचारणारी तू एकटी होतीस. आजी झालं की माणूस असं घाबरट होतं का गं?

वाल्टरमामा आठवतोय ना त्या वेळचा? बस चालवून आला, माते चहाचा कडू घोट प्यायला बसला आणि म्हणाला, "मोंतेविदेओ शहर बांधून झालंय की! आता तू काय रचणार, किनाऱ्यावर वाळूचे किल्ले?" आई म्हणाली, "त्यापेक्षा दातांची डॉक्टर हो. दात सगळ्यांचेच किडतात." सगळे हसले. तू मात्र शिवण बाजूला ठेवून विचारलंस, "एवढे मोठे कागद ही पसरणार कुठे?" आमच्या घरात तीन भाऊ, एक टीव्ही आणि जेवणाचं डगमगतं टेबल. दुसऱ्या दिवशी तू तुझं शिवणाचं टेबल रिकामं केलंस, रुबेनकाकांनी त्यावर दिवा टांगला, आणि माझं शिक्षण होईपर्यंत तू कापड मांडीवर घेऊन बेतत राहिलीस. तुझी पाठ तेव्हापासून दुखते, हे मला ठाऊक आहे. या टेबलाबद्दल मी तुला कधी धड धन्यवादसुद्धा दिले नाहीत. आज देते, मावशी. मनापासून.

आता मिकाएलासाठी खरं खरं लिहिते. फी नाही, ही आपल्या देशाची कृपा. पण अभ्यास सोपा नाही. नकाशे, कायदा, लोकसंख्येचे हिशेब, पाण्याचा उतार, सगळंच डोक्यात कोंबावं लागतं. पहिल्याच वर्षी बाईंनी आम्हाला एका बसथांब्यावर सकाळभर नुसतं बसवलं होतं. कोण येतं, कोण कंटाळून पायी निघतं, म्हाताऱ्यांना टेकायला काय आहे, ते बघा म्हणाल्या. मी घरी येऊन कुरकुरले, तर तू म्हणालीस, "बघायला शिकवतायत तर बघ की! आम्हाला कुणी शिकवलं नाही." नोकऱ्या आहेत. नगरपालिकांत आहेत, मंत्रालयात आहेत, सल्लागार कंपन्यांत आहेत. घरबांधणी संस्थांना मदत करणारी मंडळी आहेत, त्यांच्याकडे काम भरपूर आणि पगार बेताचा. खरा पैसा समुद्रकाठी मनोरे बांधणाऱ्या बिल्डरांकडे. माझ्या वर्गातले दोघे तिकडे गेले, चांगले सुखात आहेत, मी त्यांना नावं ठेवत नाही. बाकी आम्ही बहुतेक कंत्राटावर. कंत्राट संपत आलं की पुढच्या भाड्याचा हिशेब मांडत बसायचं. हे मिकाएलाला अगदी असंच वाचून दाखव.

माझंही कंत्राट गेल्या वर्षी मार्चमध्ये संपत होतं. तुला आईने सांगितलं नसेल, कारण मी तिलाही सांगितलं नव्हतं. इथे पासो गार्सात नदीला पूर आला की काठावरची घरं पाण्यात जातात आणि लोक गाद्या डोक्यावर घेऊन शाळेत राहायला येतात. त्यांना हलवायचा आराखडा आमच्या कंपनीकडे होता. जागा ठरली होती हमरस्त्याच्या पलीकडची, कारण ती स्वस्त. शाळा, दवाखाना, बस सगळं अलीकडे. शेवटच्या दोन रांगा तर सखल भागात, म्हणजे नदीच्या पाण्यातून उठवून पावसाच्या पाण्यात बसवायचं. मी हे दोनदा लिहून दिलं. आमचे प्रमुख एचेवेरी साहेब माणूस वाईट नाहीत, पण थकलेले. ते म्हणाले, "नोएलिया, जीव नको खाऊस. आपल्याला थोडंच तिथे राहायचंय?"

हे वाक्य ऐकलं आणि मला ती भिंत आठवली, मावशी. मी नऊ वर्षांची असेन. आपली घरं बांधली जात होती. प्रत्येक कुटुंबाने आठवड्याचे ठरलेले तास द्यायचे, सगळ्यांनी मिळून सगळी घरं उभी करायची, आणि कुठलं घर कुणाचं ते सगळ्यात शेवटी सोडत काढून ठरवायचं. तू आणि आई एका भिंतीवर होतात. दोघींनी त्याआधी कधी थापी धरली नव्हती. भिंत पोट सुटल्यासारखी पुढे आली. ओळंबा लावायचीही गरज नव्हती, मला खालून दिसत होतं. आई म्हणाली, "गिलाव्यात झाकून जाईल. आणि हे घर कुणाच्या वाट्याला येतंय कुणास ठाऊक!" तू म्हणालीस, "कुणास ठाऊक म्हणूनच पाडायची, मिर्ता. ठाऊक असतं तर त्या माणसाची माफी तरी मागितली असती." आणि ओल्या सिमेंटची ती भिंत तू खांद्याने ढकलून दिलीस. आई पंधरा दिवस तुझ्याशी बोलली नाही. सिमेंट वाया घालवलं म्हणून आपल्या संस्थेचं कोठार सांभाळणाऱ्या विल्सनआजोबांनी तुमच्या दोघींच्या नावाने शंख केला. आणि सोडतीत ते घर आलं कुणाला? विल्सनआजोबांनाच! त्या दिवशी त्यांनी तुला सगळ्यांसमोर मिठी मारली होती.

तर मी काय केलं, मोठ्या बैठकीला जाताना घरांच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या केल्या आणि आमच्या कंपनीतल्या फाबियानच्या लोकरी टोपीत टाकल्या. टोपी फिरवली. म्हटलं, "एकेक काढा. जे घर येईल तिथे उद्यापासून राहायचं. सकाळी मुलांना शाळेत कसं पोचवणार, ते नकाशावर बोटाने दाखवा." फाबियान फिदीफिदी हसत होता. हिशेबाच्या बाईंनी बोट हमरस्त्यापर्यंत आणलं आणि "इथे पूल कुठाय?" म्हणून विचारलं. एचेवेरी साहेबांना आलं अगदी शेवटच्या रांगेतलं घर. "हा काय पोरखेळ लावलायस?" म्हणाले, पण बोट ठेवलं. हमरस्त्याशी ते बोट थांबलं ते थांबलंच. त्यांची नात तेव्हा नुकतीच शाळेत जायला लागली होती. त्यांनी चिठ्ठी खिशात घातली आणि बैठक संपवून टाकली. मी त्या दिवशी घरी येऊन सामान बांधायच्या खोक्यांची चौकशी केली होती!

आठवड्याने त्यांनी मला बोलावलं. टेबलावर ती चिठ्ठी होती. "ही मला झोपू देत नाही, घेऊन जा," म्हणाले, आणि गावातल्या बंद पडलेल्या रेल्वे यार्डाचा नकाशा माझ्यापुढे सरकवला. उंचावर आहे, शाळा हाकेच्या अंतरावर, बसही जाते. जागा मिळवायला पुष्कळ खेटे घातले, त्यातले निम्मे साहेबांनी स्वतः. माझं कंत्राट वाढलं. नदीकाठच्या लोकांनी आपल्यासारखीच संस्था काढली, काम सुरू झालं, सोडत शेवटी. पहिल्या दिवशी बायकांनी जूनच्या भर थंडीत तोर्ता फ्रिताच्या गरम पुऱ्या तळल्या. मी एका कोपऱ्यात उभी राहून रडले, आणि डोळ्यांत चुना गेला म्हणून सांगितलं. हे सगळं तुझ्या त्या खांद्यामुळे झालं. नगररचनेत भवितव्य काय, याचं माझ्याजवळ याहून मोठं उत्तर नाही.

आणि आता या पत्राचं खरं कारण. काल इथली पहिली भिंत उभी राहिली, आणि वाकडी आहे. पोट सुटलेली, अगदी तुमच्या त्या भिंतीसारखी. सगळ्यांना दिसतंय. दोलोरेस नावाची एक बाई हळूच म्हणाली, "गिलाव्यात जाईल झाकून." मी सांगू शकते, पण मी पडले कागदवाली; माझं ऐकून ते भिंत पाडतील आणि मनातून मला शिव्या घालतील. ज्या बाईने स्वतःची भिंत पाडली आहे, तिने सांगायला हवं. आई म्हणते, रुबेनकाका गेल्यापासून तू अंगणातसुद्धा येत नाहीस, गुडघ्याचं निमित्त सांगतेस. निमित्त ठेव तिकडे. मिकाएलाला बरोबर घे, तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला इथेच बघू दे. शुक्रवारच्या बसने ये, मी थांब्यावर असेन. हिवाळ्यात उत्तरेकडून ऊन येतं तिथे तुझ्यासाठी खुर्ची मांडून ठेवते. शनिवारपर्यंत त्या भिंतीला कुणी हात लावायचा नाही, असं मी सगळ्यांना सांगितलंय. मावशी येणार आहे म्हटलं. त्यांनी विचारलं, कोण मावशी? मी म्हटलं, आली की कळेल.

तुझ्या शिवणाच्या टेबलावर मोठी झालेली,
तुझीच नोएलिया