आठशे माणसांचं जहाज

गोरेगाव, जि. हिंगोली
२२ ऑगस्ट १९९९

प्रिय प्रेमानंद,
सप्रेम जयभीम.

पत्त्यातला जिल्हा पाहून गोंधळू नकोस. मे महिन्यापासून आम्ही परभणीचे राहिलो नाही. घर मात्र जागेवरच आहे. सोयाबीन बरं आहे. शाळेत संस्कृतला यंदा सहाच मुलं, म्हणजे तुझ्या नौदलासारखी माझीही भरती घटतेच आहे.

तुझं पत्र मिळालं. "दादा, आई महिनाभर आजारी होती, मला बोलावलं काहून न्हाई?" एवढी एकच ओळ. नौदलात शाईचीही कपात झालेली दिसते.

आधी दुसरंच सांगतो. जुन्या क्रूझरवर लागलास तेव्हा तू लिहिलं होतंस, जहाजावर आठशे माणसं. मी वाचून दाखवलं आणि आई निर्धास्त झाली. "साखरा गावात हिरीत पडलेल्याला काढाया चार जण पुरले. हितं आठशे हायेत, कोनी तरी धरलंच माझ्या लेकराला."

पंच्याऐंशीत ती क्रूझर मोडीत निघाली. नव्या जहाजावरून तू लिहिलंस, आता साडेतीनशेच. पूर्वी तोफेला गोळे पुरवायला वीस-पंचवीस हात लागत, आता यंत्रच भरतं. पण एक जण आजारी पडला की दोघांना दुप्पट पहारा. मी आईला आठशेच वाचून दाखवलं. अधिकस्य अधिकं फलम्! पुढं चौदा वर्षं, तिनं विचारलं की आठशेच.

जुलैत आई अंथरुणाला खिळली. मी तार लिहिली आणि खिशात ठेवली. साडेतीनशेतला एक कमी झाला तर जहाज अडेल, तुला कुणी सोडणार नाही, उगाच जीव तुटेल, असं या पंडितानं घरबसल्या ठरवलं. तुला विचारलं नाही.

ती दाराकडं बघत राहायची. एका दुपारी म्हणाली, "आठशे हायेत म्हन्तोस ना रे? मंग एकाला सोडाया काय तकलीफ? त्यालाच यायचं न्हाई, व्हय ना?"

खरा आकडा तेव्हा सांगायचा होता. पण माझी लबाडी उघडी पडली असती. मी पाणी आणायला उठलो. परत आलो तर तिनं भिंतीकडं तोंड केलेलं. पुन्हा तुझं नाव घेतलं नाही. चौथ्या दिवशी गेली, तेव्हा कुठं मी तुला कळवलं.

तू यायला तयार नाहीस, असं समजून ती गेली, प्रेमानंद.

उत्तर नको देऊस. भांडायला ये, पण ये.

आईपाशी तुला परका करणारा,
तुझाच दादा
रत्नपाल