कुंपणालगतचं तुरट झाड

१४ ऑक्टोबर

पाडलं एकदाचं झाड! दोघं जण करवत घेऊन आले आणि माझा पाय ओव्हनमधून निघून थंड व्हायच्या आत झाड आडवं. (पाय म्हणजे ॲपल पाय. हा विनोद मी स्वतःशीसुद्धा सोडत नाही.)

हे खूश. "आता गाडी सरळ आत येईल. मागेपुढे करत बसायला नको." मीही नको म्हटलं नाही. काय उपयोग होता त्याचा? बोराएवढी फळं, चावलं की तोंडाचा चंबू. दरवर्षी खाली पडून चिखल, त्यावर गांधीलमाश्या, वाळत घातलेल्या चादरींवर डाग. तक्रार मीच करायचे. मग ह्यांनी गेल्या आठवड्यात विचारलं, "काढून टाकू या का?" आणि मी भांडी घासता घासता म्हटलं, "टाका."

शेजारच्या मावशी वरच्या खिडकीत उभ्या होत्या. गळ्यात टेप, हातात कुणाचीतरी पँट. मी हात केला. त्यांनी पडदा ओढला. ऊन आलं असेल डोळ्यांवर.

१७ ऑक्टोबर

मावशींची टोपली आली, पण मावशी आल्या नाहीत. सकाळी दार उघडलं तर पायरीवर टोपली. घंटासुद्धा वाजवली नाही!

दरवर्षी त्या टोपली घेऊन आत येतात, माझीच सुरी घेतात, एक फळ कापतात आणि पहिली फोड मला. "दात आंबले ना? मग चालेल तुझ्या पायला." त्यांचं ते मोठं हिरवं सफरचंद. नाव कुणालाच ठाऊक नाही. त्यांच्या नवऱ्यानं लावलेलं, तो जाऊन कितीतरी वर्षं झाली. कच्चं खायला जाल तर डोळे मिटतील, पण भट्टीत गेलं की त्याच्यासारखं तेच. फोड फोडीसारखी राहते, रस सुटतो तो दाट, आणि आंबटपणातून हळूच मधासारखा वास येतो. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे माझे पाय जातात ते त्या फळाच्या जिवावर. (या चहावाल्याला सगळे किटली म्हणतात. चिडला की शीळ घातल्यासारखा बोलतो.)

तरी टोपली पाठवली. म्हणजे राग नसावा.

२ नोव्हेंबर

आज मुरंबा घातला. धरेचना! पातेल्यात नुसता पाक. मग लक्षात आलं, दरवर्षी मावशी आमच्या झाडाची ती तुरट फळं मूठभर मागून न्यायच्या, फडक्यात बांधून पातेल्यात सोडायच्या, मलाही तसंच करायला लावायच्या. "हे टाक, दगडासारखा धरेल." मी ते त्यांचं एक खूळ समजत होते.

झालं. आता बाटल्यांमध्ये सरबत आहे.

९ नोव्हेंबर

ह्यांच्या कोटाची बाही आखूड करायची होती, ते निमित्त करून गेले मावशींकडे. बस म्हणाल्या नाहीत. मी विचारलं, "बरं चाललंय ना?" बाहीला टाचण्या लावता लावता त्या, "हो." "परवा घेऊन जा."

शेवटी मीच विचारलं, "मावशी, माझं काही चुकलं का?"

"कुणाचं काय चुकायचं? जागा तुमची, झाड तुमचं."

म्हणजे झाडावरूनच! पण का? त्यांच्या अंगणात कधी एक पान पडलं नाही त्याचं. मुरंब्यासाठी मूठभर फळं हवी होती म्हणून एवढं? मी पण मग ताठ झाले. कोट आणायला ह्यांनाच पाठवलं.

२० डिसेंबर

थंडी. हिरवी सफरचंदं कागदात गुंडाळून पलंगाखाली ठेवलीत, सगळी खोली त्यांच्या वासानं भरलीय. आता जरा गोड झालीत. आज एक कच्चंच खाल्लं, खिडकीत उभी राहून. पलीकडे शिवणयंत्र चालू होतं. हाक मारावीशी वाटली. मारली नाही.

२२ एप्रिल

मावशींचं झाड असं फुललंय की खोड दिसत नाही. पांढरं, कडेला गुलाबी. रस्त्यानं जाणारे थांबून बघतात. मला राहवलं नाही. कुंपणापाशी जाऊन म्हटलं, "मावशी, यंदा फांद्या मोडणार बघा फळांनी!"

त्यांनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी थोबाडीत मारली होती. "थट्टा करतेस?" म्हणाल्या आणि आत गेल्या. दार लावलं. कडीसकट!

मी स्वयंपाकघरात येऊन रडले. ह्यांना सांगितलं. "वय झालंय त्यांचं. लक्ष देऊ नकोस," म्हणाले आणि गाडी धुवायला गेले.

ठीक. नाही देत लक्ष. आता त्या बोलल्याशिवाय मी एक शब्द बोलणार नाही.

३ जून

झाडावर फळ नाही. आधी वाटलं, पानांत लपली असतील. खुर्चीवर चढून कुंपणावरून पाहिलं. एक नाही! खाली वाटाण्याएवढी गळून पडलेली, तेवढीच.

११ जून

कीड लागली असेल म्हणून रोपवाटिकेत जाऊन विचारलं. तिथला माणूस खताची पोती रचत होता. त्यानं पानाकडे नीट पाहिलंही नाही.

"झाड ठणठणीत आहे. आसपास दुसरं सफरचंद कुठलं?"

"दुसरं कशाला?"

"एका जातीला दुसऱ्या जातीचा पराग लागतो, ताई. एकटं झाड नुसतं फुलतं. मधमाशी तो आणणार कुठून?"

मी म्हटलं, "होतं एक. कुंपणालगत. बारीक, तुरट फळांचं."

"मग झालं की. तेही सफरचंदच, रानटी."

"पाडलं."

त्यानं पोतं उचललं आणि रचायला लागला.

घरी कशी आले आठवत नाही. म्हणजे एवढी वर्षं मी जे पाय विकले, ज्यांची वाहवा ऐकली, त्यांत आमच्या त्या निरुपयोगी झाडाचा अर्धा वाटा होता. आणि मी भांडी घासता घासता म्हटलं, टाका! त्यांच्या नवऱ्याच्या हातचं झाड वांझ केलं, आणि वर बहराचं कौतुक करायला गेले. थट्टाच ती. दुसरं काय वाटणार त्यांना?

ह्यांना सांगितलं. "अरेच्चा, असं असतं होय?" म्हणाले. जेवण झाल्यावर लवकर झोपले.

१२ जून

गेले मावशींकडे. दारातच बोलून टाकलं, "मला माहीत नव्हतं हो. शप्पथ, मला माहीत नव्हतं."

त्या पडद्याची दुमड शिवत होत्या. यंत्र थांबवलं नाही. "असू दे," एवढंच. तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं, विश्वास बसत नाही म्हणून. का बसत नाही? मी कधी खोटं बोलले त्यांच्याशी?

५ ऑक्टोबर

बाजारातल्या सफरचंदांशी झटापट. लिहून ठेवते, नाहीतर पुन्हा तेच करेन.

लाल डिलिशस: नुसतं रूप. भट्टीत घातलं की ओला भुसा. गाला: गोड, मऊ, शिजवून घोटायला छान, पायमध्ये मात्र बसकण मारते. फुजी: कापून तशीच खावी, कुरकुरीत. पायमध्ये गोडावर गोड. ग्रॅनी स्मिथ: आंबट आहे, फोड राहते, पण वास? आंबटपणा संपला की मागे काहीच नाही. ग्रॅनी दोन वाटे, गाला एक वाटा आणि लिंबाची साल किसून. हे त्यातल्या त्यात बरं.

किटलीनं एक घास खाल्ला, दुसरा घेतला नाही. "ताई, तुमच्या पायांत त्राण नाही राहिलं."

हसले मी. मग रस्त्यात डोळे भरून आले.

९ ऑक्टोबर

मावशींना नेऊन दिला एक. त्यांनी उभ्या उभ्या खाल्ला. "वरचं कव्हर छान झालंय."

आतल्याबद्दल अक्षर नाही. खोटं बोलता येत नाही त्यांना. तीच तर पंचाईत.

१८ एप्रिल

रोपवाटिकेतल्या माणसानं हिवाळ्यात सांगितलं होतं, नवं झाड फुलायला वर्षं जातील. तोवर दुसऱ्या जातीच्या फुललेल्या फांद्या आणून बादलीत पाण्यात ठेवायच्या, मधमाश्यांना तेवढं पुरतं. आज फोन केला त्यानं. "या, उमलायला लागलीत."

गाडीची मागची सीट फुलांनी भरून आणली. हे म्हणाले, "सीटवर पाणी सांडलंय." मी ऐकलं नाही.

मावशींचं दार वाजवलं. बादल्या दाखवल्या, कशासाठी ते सांगितलं. त्यांनी एक फूल निरखून पाहिलं. मग आत गेल्या. वाटलं, आता कडी लावणार! तर जाड नाडीचं रीळ घेऊन आल्या.

"बादल्या खाली ठेवून काय होणार? वर टांगायला हव्यात."

मी शिडीवर, त्या खाली. गाठी त्यांनीच मारल्या. माझ्या गाठीला म्हणाल्या, "ही गाठ आहे का शेवई?" एका बादलीतलं पाणी सरळ माझ्या डोक्यावर आलं. मावशी हसल्या. दीड वर्षानं ऐकलं ते हसू! मी शिडीवरून उतरलेच नाही थोडा वेळ. तोंड दाखवायची सोय नव्हती.

दुपारी मधमाश्या आल्या. आम्ही दोघी पायरीवर बसून त्यांच्याकडे बघत होतो. चहा त्यांनी केला.

रागाच्या भरात मी तो सगळा हिवाळा घालवला. एक हाक मारली असती तर! त्या सत्तरीच्या पुढे आहेत. किती बहर राहिलेत आता?

२४ मे

फळ धरलंय. बोटाच्या पेराएवढी, केसाळ, पण देठाला घट्ट! मावशींनी मला खेचत नेऊन एकेक फांदी दाखवली.

मग एकदम म्हणाल्या, "एवढा जीव आहे तुझा, मग तेव्हा का गं ऐकलं नाहीस?"

"काय ऐकलं नाही?"

"मी आले होते ना सांगायला, झाड पाडायच्या आदल्या दिवशी. तू चहावाल्याकडे गेली होतीस. तुझ्या ह्यांना सगळं समजावून सांगितलं. तुमचं गेलं की माझं धरणार नाही म्हटलं. म्हणाले, तिला विचारतो. आणि संध्याकाळी कुंपणापाशी येऊन म्हणाले, 'विचारलं मावशी, पण ती ऐकायलाच तयार नाही.'"

त्या संध्याकाळी मला कुणी काही विचारलं नव्हतं.

घरी आले. ताटं मांडलीत. हे खालून हाका मारतायत. मी अजून ओ दिलेली नाही.