निकाल घसरण्याची कारणे

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन महिना झाला, म्हणून आधीच कान पकडते. निवडणूक लागल्यापासून इथे दोन पक्षांत जुंपली आहे आणि आमची शाळा नेमकी दोघांच्या कचेऱ्यांच्या मधे. सकाळी यांचे दगड, दुपारी त्यांचे. या सत्रात शाळा जेमतेम चौतीस दिवस भरली. आमचे हेडमास्तर तुला माहीतच आहेत, घर पेटलं तरी आधी सूचना काढतील. त्यांनी फळ्यावर लिहिलं, ‘दगडफेक झाल्यास विद्यार्थ्यांनी रांगेने बाकाखाली जावे. बाकाखाली गप्पा मारू नयेत.’

सहामाहीत मी दहावीला सोपं म्हणून एक उदाहरण घातलं. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने बस एकशेवीस किलोमीटर किती वेळात जाईल? एकाने लिहिलं, ‘तीन तास. चौकात जाळली तर पोहोचणार नाही.’ एकीने लिहिलं, ‘बंद कोणत्या दिवशी आहे ते दिलेले नाही, सबब उदाहरण सुटत नाही.’ तिलाही अर्धा गुण दिला. चूक काढायला जागाच सापडेना.

वर्गाची सरासरी अडुसष्टवरून एकोणचाळीसवर आली. वरून छापील कागद आला, ‘निकाल घसरण्याची कारणे’. खाली तीनच चौकोन: विद्यार्थ्यांची अनास्था, पालकांचे दुर्लक्ष, शिक्षकांचा हलगर्जीपणा. हेडमास्तर म्हणाले, “बाई, हलगर्जीपणावर खूण करून मोकळ्या व्हा.” मी पट्टीने चौथा चौकोन आखला, शेजारी ‘दगड’ लिहिलं आणि खूण केली. आता त्या चौकोनाचा खुलासा मागितलाय.

तुझी भाचीही याच वर्गात. गणिताच्या पेपराला बाहेर धाडकन आवाज झाला, सगळी पोरं बाकाखाली. ट्रकचं टायर फुटलं होतं. पोरं हसत वर आली, आपली मात्र बाकाचा पाय धरून बसून राहिली. मी पर्यवेक्षक, आईसारखं धावताही येईना. तिचा पेपर मीच तपासला, ताई. पहिली दोन उदाहरणं मोत्यासारखी, पुढे कोरं. अकरा गुण. घरी विचारलं तर म्हणाली, “आई, मला गणित येतं गं. पण एक कान बाहेर ठेवून येत नाही.”

म्हणून हे पत्र. बोर्डाच्या परीक्षेपर्यंत तिला तुझ्याकडे ठेवून घे. तुमच्या गल्लीत म्हणे कुत्रंसुद्धा भुंकत नाही. मला वर्ग सोडून येता येणार नाही. तिला हे सांगितलं तर तिने विचारलं, “आणि बाकीच्यांना मावशी नाही त्यांचं काय?” तर तुझ्या वरच्या खोलीत पाच मुली मावतील ना? सगळ्यांच्या आईवडिलांनी होकार दिलाय, अंथरुणं आपापली आणतील. भावजींना एकदम सांगू नकोस, आधी एकीचंच सांग. उत्तराची घाई नाही, शनिवारच्या सकाळच्या गाडीची तिकिटं काढून झाली आहेत.

तुझीच,
आगाऊ धाकटी