सासऱ्यांच्या कोटावरची कळी

यॉर्कशर, रविवार दुपार

प्रिय आईस,

तुझा गुडघा कसा आहे? खरं सांग. हेस्टरचं नि माझं लग्न छान झालं. पाऊस आला नाही आणि तिच्या आत्याबाईंनी भांडणही उकरून काढलं नाही.

ओल टिकावी म्हणून तू बटाट्यात खोचून पाठवलेली गुलाबाची कळी पोस्टानं चार दिवसांनी पोचली. बटाटा टवटवीत होता, कळी मात्र पार सुकली होती. तरी मी तीच कोटावर लावली.

चर्चच्या दारात सासऱ्यांनी मला अडवलं. दोन वर्षांत ते माझ्याशी हवामानापलीकडे बोललेले नाहीत. त्यांच्या कोटावर कार्नेशनचं फूल होतं, फुलांच्या प्रदर्शनासाठी जपलेलं, कुणाला हात लावू न दिलेलं.

"हा पाचोळा कसला लावलायस?"

"आईनं पाठवलाय. तिला एवढा प्रवास झेपत नाही."

मग आपलं फूल काढून त्यांनी माझ्या कोटावर लावलं आणि तुझी कळी स्वतःच्या. संध्याकाळपर्यंत काढली नाही.

बटाटा हेस्टरनं परसात लावलाय. शेजारची मॉर्वेना तुझी चूल पेटवून देते ना?

फोटो पाठवतोय. त्यात सासरे तुझी सुकलेली कळी लावून ऐटीत उभे दिसतील. म्हातारा चिक्कू आहे असं समजू नकोस.

तुझा,
जागो