घरची सभा

५ ऑक्टोबर २०२५, रविवार
कुरियन मास्तरनं आज साऱ्या सौंसरसमोर माझं नाक कापलं.

चर्चमध्ये मिस्साची प्रार्थना झाल्यावर फादर अनिल म्हणाले, निकेयाच्या सभेला यंदा सतराशे वर्षं झाली, गुणवंताभाऊ, लेकरांना दोन शब्द सांगा. उभा राहिलो. माणूस सातवी शिकलेला, पण इथल्या लेकरांना चाळीस वर्षं धर्म मीच शिकवला. जुन्या फादरच्या वहीत होतं तेच सांगितलं — जगभरच्या बिशपांच्या अशा एकवीस सभा झाल्या, त्यांचे ठराव साऱ्या ख्रिस्ती माणसांना लागू.

मागच्या बाकावरून हा मास्तर उठला. "एकवीस कुठल्या, गुणवंता? आम्ही तीन मानतो. चौथीत फाटलं. ग्रीकवाले सात मानतात, तेही एकवीस नाही म्हणत. बाकीच्या तुमच्या घरच्या बैठका. घरच्या बैठकीचा ठराव शेजाऱ्याले लागू होते का?"

सगळे हसले. माझी नात डिंपलही हसली. तोंडावर पदर धरून, पण हसली.

केरळचा माणूस. ऑर्थोडॉक्स, आमच्यासारखा कॅथलिक नाही. तीस वर्षं शेजारच्या पांढुर्ण्यात मास्तरकी केली. त्यांचं चर्च इकडं नाही, म्हणून आमच्यात येतो. आमच्याच बाकावर बसून आम्हालाच शिकवतो.

६ ऑक्टोबर
बी.पी.ची गोळी घेतली की नाही आठवत नाही. परत घेतली. आता दोनदा झाली असेल तर?

८ ऑक्टोबर
सापडलं!

कब्रस्तानात गवत कापायला गेलो होतो. तिसऱ्या रांगेत त्याची बायको प्रेमलता आहे. रामाकोना गावची, आमच्यातली, कॅथलिक. सात वर्षं झाली तिला जाऊन. तिच्या बाजूची जागा रिकामी, चहूकडून विटा लावलेली, चुना मारलेला. मास्तरसाठी राखून ठेवली आहे. अशी जागा दुसऱ्या कोणाची नाही.

रजनी गेली तेव्हा मीपण जुन्या फादरला मागितली होती. म्हणाले, रांगेनं गुणवंता, रांगेनं. आज रजनीच्या एका बाजूला दुसऱ्याचा बाप, एका बाजूला दुसऱ्याची सासू. बायको माझी, आणि बाजूला झोपले परके. मग त्यालाच काऊन विटा?

कब्रस्तान कमिटीचा प्रमुख मी आहे. हे तो विसरला.

१२ ऑक्टोबर, रविवार
माझ्या अंगणात सभा घेतली. सौंसरचे पाच जण. पांढुर्ण्याला कळवलं नाही. सुरेश म्हणाला, "नवा जिल्हा त्यायनं पांढुर्ण्याले नेला, कब्रस्तान तरी आपल्याजवळ राहू द्या." ठराव लिहिला — जागा फक्त कॅथलिक माणसाला. राखीव जागा बंद. कॅथलिकांच्या यादीत जो वयानं मोठा, पुढची रिकामी जागा त्याची. पाच सह्या झाल्या. चहा गोड लागला.

सून अपर्णा म्हणाली, "बाबा, आज दात दिसून राहिले तुमचे. काही सापडलं का?"

१४ ऑक्टोबर
फादरनी ठराव परत केला. "पांढुर्ण्याची अकरा घरं कुठं आहेत? त्यांना बोलावलंच नाही, तर ही सर्वांची सभा कशी?" मग हसून म्हणाले, "ही तर तुमची घरची झाली, गुणवंताभाऊ."

तेच शब्द. मास्तरनंच कानात भरले असणार. नसतील भरले, तरी भरले.

१५ ऑक्टोबर
ठीक आहे. सगळ्यांना बोलावतो. घरोघर जाऊन बोलावणं पोचल्याची सही घेतो. त्यालाही बोलावतो. त्याच्या कानानं ऐकू दे.

१७ ऑक्टोबर
बसनं पांढुर्ण्याला गेलो. दिवाळीची गर्दी, उभ्यानं प्रवास, गुडघे गेले. त्याचं घर शेवटी ठेवलं होतं.

ओट्यावर बसून संत्रं सोलत होता. अर्धं मला दिलं. नाही कसं म्हणणार? खिशात टाकलं. त्यानं बोलावण्याचा कागद दोनदा वाचला.

"माझ्याच जागेचा विषय हाय न हा?"

"हो."

"अन् मलेही बोलावून राहिला?"

"सगळ्यायले."

चष्मा पुसला. सही केली. "मग जे ठरेल ते मले लागू."

मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. उत्तरं पाठ करून. ती सगळी तशीच परत आणली. सौंसर येईपर्यंत खिसा ओला.

१९ ऑक्टोबर
मास्तर मागच्या बाकावर होता. नमस्कार केला त्यानं. मी शर्ट पाहत बसलो. संत्र्याचा डाग निघत नाही.

२३ ऑक्टोबर
तेवीस घरं, घरामागं एक हात. बारा हात पाहिजेत. अकरा पक्के. सुरेशचं काही खरं नाही, त्याची लेक पांढुर्ण्यात दिली आहे.

२४ ऑक्टोबर
सुरेशकडं चिवडा घेऊन गेलो. खाल्ला. रिकामा डबा परत दिला.

२६ ऑक्टोबर, रविवार
एकूण एक घर आलं. इतकी माणसं ख्रिसमसलाही नसतात. हात वर झाले, अकरा. मी सुरेशकडं पाहिलं. त्यानं जमिनीकडं पाहिलं आणि हात वर केला. बारा.

जिंकलो.

फादर म्हणाले, "मास्तर, तुम्हाला काही बोलायचं आहे?" तो उभा राहिला. वाटलं, आता काढेल तीन अन् सात. म्हणाला, "सगळ्यांना बोलावलं होतं. ही सभा मी मानतो." बसला.

कोणी हसलं नाही. कोणी चहालाही थांबलं नाही. डिंपल माझ्याशी बोलत नाही.

बरोबरच केलं मी. माझ्या रजनीला जे मिळालं नाही ते त्याला नाही.

२ नोव्हेंबर, रविवार. मृतांचा दिवस.
कब्रस्तानात फादरनी ठरावाप्रमाणे वयाची यादी वाचली. यादीत सगळ्यात म्हातारा मी. प्रेमलताबाईच्या बाजूची जागा माझी.

मास्तरनं दोन मेणबत्त्या आणल्या होत्या. एक तिच्या उशाशी लावली, दुसरी विटांच्या मधोमध, रिकाम्या मातीत. माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तिले बोलाची लय आवड होती, गुणवंता. गप्प नको राहजो."

रजनीसाठी नेलेली मेणबत्ती खिशातच राहिली.