तुझ्या मापाचं घर

प्रिय चिंधी,

घर झालं. भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढलं आणि तुझे बाबा रोज सकाळी चहाचा कप घेऊन घराला एक फेरी मारतात. ऐट अशी, की जणू सगळं घर त्यांनीच ट्रकमध्ये घालून वर आणलंय. रस्त्यानं जाणारे थांबून बघतात. परवा एका गृहस्थांनी आर्किटेक्ट कोण म्हणून विचारलं. मी म्हटलं, मीच. ते बराच वेळ माझ्या गळ्यातल्या टेपकडे बघत राहिले. बायकांचे ब्लाऊज शिवण्यात माझा जन्म गेला, पण इतकी फुशारकी मी कधी मारली नव्हती. आता सगळं अडलंय ते तू येतेस की नाही, यावर.

अपघातानंतर तू पहिल्यांदा घरी आलीस, तेव्हा बाबांनी आणि मामानं तुला चाकांच्या खुर्चीसकट उचलून भाड्याच्या घराच्या त्या उभ्या पायऱ्या चढवल्या. दोघांना धाप लागली, वरच्या मजल्यावरच्या बाई बिचारी बिचारी करत राहिल्या आणि तू भिंतीकडे बघत होतीस. दुसऱ्या दिवशी तू शहरात परत गेलीस ती सांगूनच, की पोत्यासारखं उचलून नेणार असाल तर मी पुन्हा येणार नाही. बाबा दिवसभर त्या पायऱ्यांना शिव्या घालत होते. मला मात्र, खरं सांगते, अभिमान वाटला. लहानपणी मशीनखाली चिंध्यांत खेळायचीस, तेव्हाही कुणी उचललं की अशीच हातपाय झाडायचीस. तुझं भांडण उचलण्याशी होतं, आमच्याशी नव्हतं, एवढं मला कळलं. म्हणून बाबांनी घेऊन ठेवलेल्या या उतारावर घर बांधायचं ठरलं, तेव्हा मी एकच अट घातली. पायरी एकही नको. लोकांनी मला वेड्यात काढलं. डोंगरावर आणि बिनपायरीचं घर!

मागे तुझ्याकडे आले होते, तेव्हा तू पलंगावर बसून फोनवर बोलत होतीस आणि मी तुझ्या खुर्चीला टेप लावत होते, आठवतं? काय करतेस म्हणून विचारलंस, तर मी गादीला खोळ शिवायचीय म्हणून ठोकून दिलं. खोळ पाठवलीही, नाहीतर तुला संशय आला असता. खुर्चीची रुंदी, ती वळायला लागणारी जागा, बसल्या जागेवरून तुझा हात कुठवर पोचतो, गुडघे किती उंच येतात, सगळं घेऊन आले. एवढी मापं मी एखाद्या नवरीचीही घेतली नसतील.

मग खाकी कागदावर घर काढलं. आता हस. आपण कापड दुमडून अर्धाच आकार आखतो, उलगडला की पूर्ण होतो, तसंच मी अर्धंच घर काढलं आणि कागद गवंड्याच्या हातात दिला. त्याला काय ठाऊक उलगडायचं असतं! दोन दिवसांनी जाऊन बघते तर त्यानं चुन्याची फक्की मारून अर्ध्याच घराचा पाया आखलेला. स्वयंपाकघर मधोमध चिरलेलं. मी कपाळावर हात मारला, तर तो म्हणतो, मला वाटलं बाकीचं पुढच्या वर्षी. अजूनही आम्ही दोघं एकमेकांचं तोंड दिसलं की हसतो.

डोंगर आम्ही कापला नाही. घर उताराला आडवं, लांबट ठेवलं, त्यामुळे या टोकापासून त्या टोकापर्यंत जमीन एका पातळीत आहे. दगड इथलेच, पाया खणताना निघालेले. भिंती मातीच्या, तीही इथलीच, पेंढा घालून मळलेली. कोरं कापड भिजवल्याशिवाय मी कधी कापत नाही, तसंच मातीचे नमुने आधी फळीवर थापून वाळवले. जो आकसून तडकला तो बाद. जमीन चुना-मातीची, ठोकून ठोकून घट्ट केलेली आणि वर जवसाचं तेल पाजलेलं, म्हणजे चाक रुतणार नाही. दवाखान्यातून एक खुर्ची उसनी आणून मी स्वतः चालवून पाहिली. पहिल्याच वळणाला ओल्या भिंतीत घुसले. बाबा इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. पण त्यामुळेच कळलं की कोपऱ्यावर हाताची सालटी निघतील. सगळे कोपरे गोल करून घेतले.

त्या खुर्चीत बसल्यावर आणखी एक समजलं. नेहमीच्या खिडकीतून बसलेल्या माणसाला नुसतं आभाळ दिसतं. मी सगळ्या खिडक्या खाली घेतल्या. आता बसल्या जागेवरून अख्खी दरी दिसते. उभ्या माणसांना वाकावं लागतं. वाकू देत की.

आणि खालच्या रस्त्यापासून दारापर्यंतची वाट बाबांची. तिथे मला बोलू दिलं नाही. आयुष्यभर घाटात ट्रक चालवलेला माणूस! थोडा चढ, मग वळणावर सपाट विसावा, पुन्हा थोडा चढ. प्रत्येक विसाव्याला टेकायला दगडी कठडा. काम संपल्यावर एकटेच त्या वाटेवर उभे होते. मी जवळ गेले तर म्हणाले, डोळ्यात चुना गेलाय. चुन्याचं काम तर केव्हाच संपलं होतं, गं.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण तू बघू म्हणून फोन ठेवला असतास, आणि तुझ्या बघूला काही अर्थ नसतो, हे मी ओळखून आहे. म्हणून लिहिलं. समोरच्या दाराला अजून कडी लावलेली नाही. सुतार रोज विचारतो, मी रोज त्याला परत पाठवते. काज-बटण मी ट्रायलनंतरच करते, आणि ट्रायलशिवाय कुणाला कपडा दिलेला नाही, तुला तरी कसा देऊ? कडी तुझा हात जिथे जाईल तिथे लागेल. गाडी खालच्या वळणापर्यंत येते. तिथून पुढे तुला कुणी हात लावणार नाही, बाबांना आणि मामाला बजावून ठेवलंय. आम्ही वर दारात उभे राहू. लागेल तेवढा वेळ घे. राहायलाच पाहिजे असं नाही, पण एकदा घालून बघ. कुठे तंग वाटलं, कुठे सैल वाटलं, तर सांग. मातीचंच आहे, उसवू आणि पुन्हा शिवू.

तुझीच,
आई