हिरामावशीचं डबकं

रवि. २६ जाने. ८६
उजाडता उजाडता मढच्या किनाऱ्यावर. पौर्णिमेची ओहोटी, पाण्याखालचं खडकाळ खडप पार उघडं पडलेलं. हिरामावशी कालवं फोडायला आधीच बसलेली. दोन हिवाळे फोटोंसाठी तिच्याच मागे फिरतोय. कुठल्या दगडाखाली काय राहतं ते या कोळणीला पाठ. आज म्हणाली, "चल, तुना येक गंमत दाखवते."

टोकाचं डबकं. छातीभर पाणी, नितळ. कॅमेरा घरी बनवलेल्या काचेच्या पेटीत, डोळ्यांवर गॉगल, डोकं पाण्याखाली. लाट आत शिरली की दगडावर आपटवते, म्हणून मावशीनं माझ्या कमरेला दोर बांधून टोक स्वतःच्या मनगटाला गुंडाळलं.

तळाशी गोगलगाय, पण शंख नाही! अंगठ्याएवढी, निळी, कडेला पिवळी रेघ, पाठीवर पिसांचं फूल. माझी सावली पडली की फूल आत. दम धरून थांबायचं, मग हळूच उमलतं. अकरा फोटो. दात वाजत होते.

वर येऊन नाव विचारलं. "खात नाय त्याला नाव कशाला?" मग, "जागा कोनाला सांगू नको हां. लोक दगड उलटे टाकतात, कालवं मरतात."
नाही सांगणार म्हटलं.

सोम. १० फेब्रु.
स्लाइड्स धुऊन आल्या. बऱ्याच वाया. एक अशी, की सुनंदा हातातली भांडी टाकून खिडकीशी धरून बघत राहिली. बायको एवढी खूश पहिल्यांदाच.
संध्याकाळी ती एका साप्ताहिकाच्या कचेरीत नेली. संपादक : "झकास! पण ठिकाण लिहा. नाहीतर लोक म्हणतील, घरच्या टाकीत काढलाय."
टेबलाशीच लिहून दिलं. कोळीवाड्याच्या पश्चिमेचं टोक, ओहोटीला चालत जाता येतं, सगळं. जबरदस्ती कुणी केली नव्हती. अक्षरसुद्धा छान काढलं.

सोम. १० मार्च
काल अंक आला. ऑफिसात पेढे. बाबा गिरणी सुटल्यापासून गप्प गप्प असतात, ते अंक घेऊन चाळभर फिरले. मावशी आठवली. पण मढला हे कोण वाचतंय...

शनि. २९ मार्च
वाट लागली. खडपावर जत्रा. बादल्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या, पहारी. एकाच्या पिशवीत दोन निळ्या गोगलगायी, फुलं मिटलेली. "घरी टाकीत ठेवणार," म्हणे. दगड उलटेपालटे, कालवं उन्हात, वास सुटलेला. डबक्यात नुसता गढूळ चिखल.
मावशी एकेक दगड परत होता तसा ठेवत होती. मीही लागलो.
"कोनी सांगला रं यांना?"
"माहीत नाही, मावशी."
"तू नाय सांगनार. मना म्हाईत हाय."
नंतर डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली. खाल्ली. खाल्लीच ना मी.

शनि. ५ एप्रि.
संपादकांची चिठ्ठी : असंच आणखी काही आहे का? फाडली. मग तुकडे गोळा करून खिशात. का, कोण जाणे.
सुनंदाला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. "मला काय सांगताय? त्यांना सांगा ना."

रवि. १३ एप्रि.
अंक घेऊन गेलो. मावशी दारात कोयतीला धार लावत होती. पान समोर धरलं, फोटोखालचा मजकूर ओळीवर बोट ठेवून वाचला. जागेसकट, काही न गाळता. म्हटलं, हे मीच लिहून दिलं. त्या दिवशी तुझ्याशी खोटं बोललो.
तिनं अंक हातात घेऊन फोटो डोळ्यांजवळ धरला.
"पुन्ना वाच."
वाचलं.
"माजा नाव हाय यात?"
"नाही."
कोयती टोपलीत टाकली, उठली, खडपाकडे चालायला लागली. ये म्हणाली नाही. येऊ नको, असंही नाही. ती होड्यांपलीकडे गेली तरी मी तिच्या दारातच उभा.